मेलेल्या माणसाच्या सह्या

फिलिपिन्समधल्या सांता उर्सुलाच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर मी सव्वीस वर्षं काढली. गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं, हे पाद्रीबाबांच्याही आधी मला कळायचं. आता मला बाजारकराच्या टेबलावर बसवलंय. का बसवलंय ते पुढे येईलच. नांग तिबिंगची गोष्ट सांगायची तर ती त्या खिडकीवरूनच सांगावी लागते आणि त्यात माझी अब्रू जाते. जाऊ दे. दोन वर्षं मूग गिळून बसलो होतो, आता बोलायला काय जातंय?

तिचं पूर्ण नाव प्रिमितिवा नुफाब्ले. या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे तिला थोरली बहीण मानून नांग तिबिंग म्हणायचे. आणि ती मला, पन्नाशी उलटलेल्या टकल्या माणसाला, भर खिडकीत 'तोतो' म्हणायची, शेंबडं पोर असल्यासारखं. बुटकी, रुंद खांद्यांची, केस पुरुषासारखे बारीक कापलेले. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "माझे हात कुठे कुठे फिरतात ते कळल्यावर कोण माझ्या हातचं जेवणार?" आणि स्वतःच खदखदून हसायची.

तिचं काम मयत तयार करण्याचं. बाजारामागे नोंग पुलोची, म्हणजे थोरल्या पुलोभाऊची, पुनेरार्या होती, अंत्यविधीचं दुकान; पाटीवर नाव फ्युनरारिया बेनदिता. पुढच्या खोलीत शवपेट्या मांडलेल्या, मागच्या खोलीत तिबिंगचं सिमेंटचं टेबल आणि शेजारच्या गाळ्यात नोंग पुलोचीच गॅस सिलिंडरची एजन्सी. आमच्याकडे मयत घरात आठ-दहा दिवस असतं. मुलगा जहाजावर, मुलगी कुवेतमध्ये. त्यांनी तोंड पाहिल्याशिवाय माती कशी द्यायची? आणि उकाडा असा, की सकाळी कापलेली मासळी दुपारपर्यंत टिकत नाही. म्हणून मयताच्या शिरांतून औषध भरावं लागतं, आणि ते नीट भरणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

तिबिंग मयताशी बोलत बोलत काम करायची. "नोंग, आता डावा हात देता का? हां, असा." नातेवाइकांना आधी भंडावून सोडायची. भांग कुठल्या बाजूला पाडायचे? रागावले की तोंड कसं व्हायचं? लोकांना मयत शांत झोपल्यासारखं दिसायला हवं असतं. तिबिंग म्हणायची, "झोपलेला कशाला? ओळखू आला पाहिजे." मासळीवाली नांग ओसांग गेली तेव्हा तिबिंगने तिची डावी भुवई वर चढलेलीच ठेवली, जन्मभर गिऱ्हाइकाकडे बघताना असायची तशी. जागराला आलेल्या बायका पेटीच्या काचेतून बघत आणि हळूच म्हणत, "बाई गं, आत्ता म्हणेल, घ्यायचं तर घे नाहीतर चालू लाग."

हे मी कौतुकाने सांगतोय असं समजू नका. बाई फार कटकटी होती. हातमोजे दोनदा वापरायची नाही, नोंग पुलो त्यावरून डोकं फोडायचा. मागच्या खोलीतलं पाणी उघड्या गटारात जायचं आणि तेच गटार पुढे धुणं धुवायच्या दगडांपाशी निघायचं. स्वतंत्र नळी टाका म्हणून ती नोंग पुलोच्या आठ वर्षं मागे लागली. तो दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणायचा. शेवटी ती ते पाणी बादल्यांत भरून, चुना टाकून, स्वतः खणलेल्या खड्ड्यात नेऊन ओतायला लागली. आरोग्य खात्याचं नियमांचं पुस्तक तिला तोंडपाठ होतं. पुस्तक ज्याने पाळायचं त्या मालकाने ते कधी उघडलंही नव्हतं.

आता मुख्य भानगड. मयतात औषध भरायला सरकारी परवाना लागतो. परीक्षा असते इलोइलो शहरात. परवाना तिबिंगकडे नव्हता, तो होता तिच्या उस्तादाकडे, मायेस्त्रो इलारियोनकडे. त्याचं प्रमाणपत्र सोनेरी चौकटीत पुनेरार्याच्या भिंतीवर लटकत असे, येशूच्या तसबिरीपेक्षा वर. मायेस्त्रो खरंच कसबी माणूस. तिबिंगला सगळं त्यानेच शिकवलं, मन लावून शिकवलं. पण माडी त्याला सुटेना. पुढे पुढे हात असे कापायला लागले की त्याच्या हातात सुई दिली तर मयताआधी तो स्वतःलाच टोचून घेईल. तेव्हा कामं तिबिंग करायची आणि सह्या मायेस्त्रो करायचा. मृत्यूच्या दाखल्याच्या मागच्या बाजूला एक चौकट असते: 'हे शव मी तयार केले', खाली नाव, सही, परवाना क्रमांक. ती चौकट त्याची.

तिबिंगने परीक्षेला बसायचं ठरवलं नव्हतं असं नाही. शाळा दहावीपर्यंत झाली होती, अभ्यास पाठ होता. पण अर्जाबरोबर एक कागद लागतो: परवानाधारक माणसाच्या हाताखाली काम केल्याचा दाखला. तो मायेस्त्रोनेच द्यायचा. तीनदा मागितला तिने.

"तुला परवाना मिळाला तर मला कोण विचारणार गं?" तो हसत म्हणायचा. "मग मी काय, पेट्यांवरची धूळ पुसू?"

"दोघांना परवाना असला तर बिघडलं काय?"

"मी गेल्यावर घे. घाई काय आहे?"

तोही हसायचा, तीही हसायची. हाताला कसब देणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे तिला कळत नव्हतं. तिला कळत नसलेली तेवढी एकच गोष्ट.

मग मायेस्त्रो गेला. कुणाच्या तरी जागराला भरदुपारी पत्ते खेळत होता, हातात राजा आला म्हणून ओरडला आणि टेबलावर आडवा झाला. तिबिंगनेच त्याला तयार केलं. छातीवर त्याचे हात जुळवताना ती म्हणाली, "बघ तोतो, आज पहिल्यांदा स्थिर आहेत." अर्धं गाव त्याच्या जागराला बिस्किटं खाऊन आणि कॉफी पिऊन गेलं. पेटी दाराच्या चौकटीला न लागता बाहेर काढली, मागे बशी फोडली, सगळं रीतीप्रमाणे झालं. दाखला मी माझ्या हाताने नोंदवला. हे महत्त्वाचं आहे. मायेस्त्रो इलारियोन मेला आहे हे माहीत असलेला गावातला पहिला सरकारी माणूस मी.

नवव्या दिवशी डोंगराकडच्या वस्तीतली एक म्हातारी गेली. तिचा दाखला घेऊन नोंग पुलो स्वतः माझ्या खिडकीवर आला. मी कागद उलटला. मागच्या चौकटीत सही होती. मायेस्त्रो इलारियोनची. ओळखीची, थरथरती, शेवटी शेपटीसारखी वळलेली.

"नोंग," मी म्हटलं, "हे काय?"

"सही आहे."

"तो परवाच..."

"अरे, जिवंतपणीच करून ठेवल्यात त्याने. हात कापतात, रोज कुठे सही करत बसू, म्हणून एक दिवस बसून सगळा गठ्ठा करून टाकला. चांगल्या दिवशी. सही त्याचीच आहे की नाही?"

"त्याचीच आहे."

"परवाना क्रमांक बरोबर आहे की नाही?"

"आहे."

"मुदत?"

"संपायला अजून चार वर्षं आहेत."

"मग तुझी कुठली चौकट रिकामी राहिली, ते सांग."

एकही रिकामी नव्हती. नोंग पुलो नगरसेवक होता, माझी बढती नगरपरिषदेत अडकली होती, आणि चौकटी सगळ्या भरलेल्या होत्या. मी शिक्का मारला. दुसऱ्या आठवड्यात दुसरा मारला. आमच्या गावाला असल्या गोष्टीचं नवल वाटत नाही. कोऱ्या कागदावर सह्या करून ठेवणं हा आमच्याकडे शहाणपणा समजतात. वस्तीचा कप्तान ठेवतो, मुख्याध्यापक ठेवतात, खुद्द पाद्रीबाबा बाप्तिस्म्याच्या दाखल्यांवर ठेवतात. फक्त सही करणारा वर गेला की थांबायचं, एवढं कुणाच्या लक्षात येत नाही. एकसष्ट मयतं. एकसष्ट कागद मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतले.

तिबिंगला हे माहीत होतं का? होतं. ती काम करायची आणि कागदाकडे बघायची नाही. एकदा मीच विचारलं तेव्हा म्हणाली, "मयत उकाड्यात ठेवू की कागदावरून भांडू? तू भांड ना. तुझं टेबल सावलीत आहे."

एकसष्टावं मयत होतं मायेस्त्रोच्या बायकोचं.

नांग कोन्सोलासियोन आजारी होतीच. तिबिंगने तिला धुतलं, तिच्या आवडीचा निळा झगा घातला, ओठांना तिच्याच डबीतला रंग लावला. मुलगी आर्लीन इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करते, ती सातव्या दिवशी पोचली. माती झाली. दुसऱ्या दिवशी ती दाखल्याची प्रत घ्यायला माझ्या खिडकीवर आली, बरोबर तिबिंग होती, आधाराला म्हणून. मी प्रत दिली. परदेशात राहिलेली माणसं कागद दोन्ही बाजूंनी वाचतात, हे मी विसरलो.

तिने उलटला. वाचला. परत वाचला.

"नोंग देल्फिन," ती हळू म्हणाली, "माझ्या आईला कुणी तयार केलं?"

मी उगाच शिक्का हातात घेतला.

"इथं माझ्या बापाची सही आहे. तारीख गेल्या मंगळवारची. माझा बाप दोन वर्षांपूर्वी गेला. माझ्याकडे पैसे नव्हते, मी येऊ शकले नाही, फोनवर त्याची पेटी बघितली मी." आवाज चढायला लागला. "आणि तो मंगळवारी आला होता? आईला अंघोळ घालायला? मग मला का नाही कुणी सांगितलं? मी आले असते ना मंगळवारी!"

रांगेतली माणसं खाली बघायला लागली. आर्लीन खिडकीच्या कट्ट्यावर डोकं टेकून रडली, आणि मी, शिक्का हातात धरलेला मूर्ख, पंख्याचा वेग वाढवला. दुसरं काही सुचेना म्हणून.

तिबिंगने तिला पोटाशी धरलं. मग तिच्या हातातून कागद घेतला, ती चौकट पाहिली, बहुतेक पहिल्यांदाच. तिची मान लाल झाली.

"इंदाय, पोरी, ऐक," ती म्हणाली. "तुझ्या आईला मी तयार केलं. मी. तुझ्या बापालाही मीच केलं. आणि आजपासून या गावात मी ज्याला हात लावीन, त्याच्या कागदावर माझं नाव लागेल. नाहीतर मी हात लावणार नाही."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंस ना, तोतो? का पंखा अजून वाढवू?"

पुनेरार्यात जाऊन तिने नोंग पुलोलाही हेच सुनावलं. तो हसला. "नाव लावशील, परवाना क्रमांक काय लावशील? तुझा जन्मदिवस?"

"गठ्ठा जाळा तो."

"वेडी झालीस का? अजून दीड वर्षाच्या सह्या आहेत!"

त्याच महिन्यात प्रांताच्या आरोग्य खात्याने सगळ्या पुनेरार्यांची तपासणी काढली. नोंग पुलोने रातोरात नव्हे, चांगले चार दिवस घेऊन भिंती रंगवल्या, टेबलामागे फरशा लावल्या, गटारावर झाकण टाकलं. झाकण, नळी नव्हे. तपासणीला आली मिस तुपास म्हणून एक तिशीतली मुलगी, पाठीला पिशवी, हातात यादी. मी नगरपालिकेतर्फे हजर. नोंग पुलो 'मॅडम, मॅडम' करत पुढे-मागे नाचत होता.

यादीत सगळ्यावर बरोबरच्या खुणा पडत गेल्या. शेवटी तिने भिंतीवरच्या सोनेरी चौकटीकडे पाहिलं.

"परवानाधारक कुठे आहेत?"

"मायेस्त्रो? बाहेर गेलेत, मॅडम. वस्तीवर मयत आहे ना."

"कधी येतील?"

"आता काय सांगावं! कामात असले की वेळेचं भान राहत नाही त्यांना."

मिस तुपासने मान हलवली. ती लिहायला लागली. तेवढ्यात मागच्या खोलीतून तिबिंग एप्रन सोडत बाहेर आली.

"इंदाय, मायेस्त्रोला भेटायचंय का? चल, दाखवते. पाच मिनिटांवर आहे."

नोंग पुलोचा चेहरा चुन्यासारखा झाला. "तिबिंग, मॅडमना उन्हात कशाला..."

"सावलीत आहे तो," तिबिंग म्हणाली. "चांगला थंड कप्पा आहे. वरून तिसरा."

आम्ही चौघं निघालो. पुढे तिबिंग, तिच्यामागे मिस तुपास, मग नोंग पुलो फोनवर कुणाशी तरी खोटंच बोलल्यासारखं करत, आणि शेवटी मी. बाजारातल्या बायकांनी वजनं खाली ठेवली. दफनभूमीच्या भिंतीपाशी सिमेंटचे कप्पे आहेत, एकावर एक. तिसऱ्यापुढे तिबिंग उभी राहिली, पदराने पाटी पुसावी तशी एप्रनच्या टोकाने पुसली आणि जरा बाजूला सरली.

मिस तुपासने नाव वाचलं. तारीख वाचली. यादीवरची तारीख बघितली. मग हातातली यादी छातीशी धरून ती इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी डोळे पुसून तिला मायेस्त्रोची माफी मागावी लागली.

"आणि दोन वर्षं काम कोण करतंय?"

"मी," तिबिंग म्हणाली. "दोन नाही, एकोणतीस. लिही ते. आणि गटाराचं झाकण उचलून बघ, खाली नळी नाही. तेही लिही."

"तुमचं नुकसान होईल, नांग."

"होऊ दे. आणि हे बघ, मयताच्या घरून सरळ आपल्या घरी जाऊ नकोस. वाटेत कुठेतरी थांब, बाजारात गरम सूप पी. नाहीतर मायेस्त्रो तुझ्यामागे येईल आणि तुझ्या घरातली माडी संपवेल."

संध्याकाळी पुनेरार्याला सरकारी सील लागलं.

गाव तिबिंगवर उखडलं. मालकावर नव्हे, तिच्यावर. आता मेलं कोणी तर सत्तर किलोमीटरवर न्यायचं का? अनोळखी लोकांच्या हाती द्यायचं का? दुकानदारीण तिला उठून मीठ देईना. नोंग पुलो चौकात म्हणाला की बाईला काम नकोसं झालं म्हणून तिने सगळ्यांच्या पोटावर पाय दिला. मीही तिच्या घरी गेलो आणि शहाणपणा शिकवायला लागलो. "नांग, जरा सबुरीने घ्यायचं."

"सबुरी माझ्याकडे एकोणतीस वर्षं होती. संपली. तुझ्याकडे असली तर दे थोडी."

नऊ दिवस कोणी मेलं नाही. दहाव्या दिवशी सकाळी होडी बांधणारा नोंग युतिकियो गेला. मुलगा जहाजावर, हॉलंडच्या बंदरात, पोचायला आठ दिवस. शहरातल्या पुनेरार्याची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होती आणि मयत तिकडेच ठेवणार होती. त्याची बायको नांग लोरेता भर उन्हात चालत तिबिंगच्या दारात आली.

"त्याला या गावाबाहेर कधी झोप लागली नाही गं," ती म्हणाली. "मुलगा येईपर्यंत घरात राहू दे त्याला. तू कर."

"करते. पण कागदावर माझं नाव लागेल. तुला चालेल?"

"मला काय कळतं कागदातलं? तूच केलंस तर तुझंच लागेल ना?"

तिबिंगने स्वतःची हत्यारांची पेटी काढली. पत्र्याच्या शेडमध्ये, होडीच्या अर्ध्या सांगाड्याशेजारी, त्यानेच रंधलेल्या फळीवर तिने त्याला तयार केलं. कानामागे त्याची पेन्सिल नेहमीसारखी खोचून ठेवली. उरलेलं पाणी झाकणाच्या दोन कॅनमध्ये बंद करून स्वतः आरोग्य केंद्राच्या खड्ड्यापर्यंत पोचवलं आणि तिथल्या नर्सकडून त्याची पावती घेतली. पावती! त्या खड्ड्याची पावती आजवर कोणी मागितली नव्हती. नर्सला ती वहीचं पान फाडून लिहावी लागली.

दुपारी तीनला ती माझ्या खिडकीवर आली. दाखला पुढे सरकवला. मी उलटला.

'हे शव मी तयार केले. प्रिमितिवा नुफाब्ले.' सही ठसठशीत, शाळेत शिकवतात तशी. परवाना क्रमांकाच्या चौकटीत लिहिलं होतं: 'नाही.'

"नांग," मी आवाज खाली आणला, "हे तू स्वतःच्या हाताने गुन्हा कबूल केल्यासारखं आहे. हा कागद वर गेला की तुझ्यावर केस होईल. ही चौकट रिकामी सोड. नंतर बघू."

"रिकामी कशाला? उत्तर आहे ना माझ्याकडे. नाही म्हणजे नाही."

"मी हा घेतला तर माझीही चौकशी लागेल."

"मग नको घेऊ. परत दे, आणि 'खरं लिहिलंय म्हणून नाकारला' असं लिहून दे खाली. तुझ्या सहीने."

एकसष्ट खोटे कागद मी पापणी न हलवता घेतले होते. हा एकच खरा कागद हातात होता आणि शिक्का उचलवत नव्हता. मागे रांगेत नांग लोरेता उभी होती, काळे कपडे, हातात छत्री. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी शिक्का मारला. जरा जोरातच मारला, दौत सांडली.

तिबिंग आभार मानून गेली नाही. आमच्याकडे मयताच्या कामात आभार मानत नाहीत, आणि मानायला मी काही केलंही नव्हतं.

व्हायचं ते झालं. मिस तुपास जागरात येऊन मयत आणि खड्ड्याची पावती तपासून गेली. तीन आठवड्यांत प्रांताच्या कचेरीत सुनावणी लागली. मलाही मेमो आला. गंमत बघा, एकसष्ट कागदांबद्दल मला कोणी काही विचारलं नाही, कारण त्यांतली एकही चौकट अपुरी नव्हती. मेमो होता अपुरा फॉर्म स्वीकारल्याबद्दल. तोच एक. त्याच्यावरून मी बाजारकराच्या टेबलावर आलो.

सुनावणीला जाताना बसमध्ये मी तिला पढवत होतो. मिस तुपासनेही निरोप धाडला होता. "फक्त म्हणायचं, मी अडाणी बाई, कायदा ठाऊक नव्हता. समज देऊन सोडतील. दंडसुद्धा नाही. नांग, एक वाक्य. एकच."

ती खिडकीबाहेर बघत होती. "हं," म्हणाली. मला वाटलं, पटलं.

अधिकारी वयस्क होता, चष्मा नाकावर. त्याने फाईल वाचली आणि खरोखरच दया आल्यासारखं विचारलं, "बाई, परवाना लागतो हे तुम्हाला माहीत नव्हतं, असंच ना?"

"सगळं माहीत होतं," तिबिंग म्हणाली.

मी डोळे मिटले.

"मायेस्त्रो इलारियोनच्या हाताखाली मी सत्तावीस वर्षं काम केलं, तो गेल्यावर दोन वर्षं एकटीने. कुठलं कलम कशाला, ते विचारा, सांगते. परवाना लागतो, लागलाच पाहिजे, नाहीतर कोणीही उठून माणसांना सुया टोचत सुटेल. मला अडाणी म्हणू नका. मी परवाना नसलेली आहे, अडाणी नाही."

अधिकाऱ्याची दया आटली. तो घणघणत्या आवाजात कारकुनाला हुकूम सांगायला लागला. दंड पूर्ण. शिवाय ताकीद. कारण काय, तर 'सदर महिलेने परवानाधारक इलारियोन यांच्या हाताखाली सलग सत्तावीस वर्षे शव तयार करण्याचे काम केल्याचे तिच्या जबानीवरून व तपासणी अधिकाऱ्याच्या अहवालावरून सिद्ध झाले आहे. प्रस्तुत शवाचे कामही निर्दोष असल्याचे अहवालात नमूद आहे. सबब कायद्याच्या अज्ञानाची सवलत तिला देता येत नाही.'

तिबिंग खुर्चीच्या कडेवर आली होती. "साहेब," ती म्हणाली, "ते परत वाचाल का? सत्तावीसपासून."

त्याने रागाने परत वाचलं.

"याची सही-शिक्क्याची प्रत मिळेल मला?"

"मिळणारच. तुमच्याविरुद्धचा हुकूम आहे तो!"

"दोन द्या."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर खेकसलो. एका वाक्यात सुटली असतीस, जन्मभराची बचत दंडात घातलीस, कशासाठी? तिने दंड भरला, पावती पदरात बांधावी तशी रुमालात बांधली आणि म्हणाली, "इलोइलोची बस कुठून सुटते?"

परीक्षेच्या कचेरीत खिडकीमागे एक तरुण कारकून होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला माझंच जुनं थोबाड दिसलं. तिबिंगने कागद एकेक करून पुढे केले. जन्मदाखला. दहावीचं प्रमाणपत्र, कडा उंदरांनी खाल्लेल्या. फोटो. आणि शेवटी तो हुकूम.

"हे काय?" कारकून म्हणाला. "इथे हाताखाली काम केल्याचा दाखला लागतो."

"तोच आहे."

"बाई, हा शिक्षेचा हुकूम आहे. यात तुम्हाला दोषी ठरवलंय."

"हो. कशाचं ते वाच."

तो वाचायला लागला. 'सत्तावीस वर्षे' आल्यावर थांबला. खालचा शिक्का बघितला, सरकारी. सही बघितली, अधिकाऱ्याची, जिवंत माणसाची. आत साहेबाकडे गेला. आतून आधी शांतता, मग कुणाचं तरी मोठ्याने हसणं, मग भांडण, मग परत शांतता. आम्ही पाऊण तास उभे होतो. तिबिंग बसायला तयार नव्हती.

तो बाहेर आला आणि न बोलता रजिस्टर उघडलं. पेन टेकवून म्हणाला, "नाव?"

ती खिडकीत इतकी वाकली की तिचा चेहरा आत गेला. "प्रिमितिवा नुफाब्ले," ती म्हणाली. "लिही. मी बघते आहे."